पिवळ्या खडूची ओळ

मित्रांनो, मी एक जुना वार्ताफलक आहे. शाळेतला फळा नव्हे, तो गैरसमज आधीच पुसून टाका. माझ्यावर कुणी पाढे गिरवले नाहीत आणि माझ्यापुढे कुणी अंगठे धरून उभं राहिलं नाही. माझ्यावर बातम्या लिहिल्या जायच्या. जगाच्या, देशाच्या आणि राजोडीच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या गावाच्या. आम्ही जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागलो की फार गोड बोलतो, असा आमचा लौकिक आहे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. आयुष्यभर खरं तेच अंगावर लिहून घेतलं, आता म्हातारपणी जीभ कुठून वळणार?

माझा जन्म एका वादळातला. चुरींच्या वाडीत एक फणस होता. तो एका पावसाळी वादळात आडवा झाला. वाडीचा तरुण मालक सदानंद चुरी याने ते लाकूड विकलं नाही. त्याने गावच्या ज्युड सुताराला बोलावलं आणि म्हणाला, "ज्युडबाबा, मला याचा फळा करून दे."

"फला? खाट कर ना रं. आताच लगीन झालंय तुजं," ज्युड म्हणाला.

"खाट आहे."

"मग पालना कर. तो तरी लागंल."

पाळणा त्या घराला कधी लागला नाही, मित्रांनो. मी लागलो. ज्युडने मला रंधा मारून आरशासारखा केला. काळा रंग हवा होता, तेव्हा सदानंदने घराघरांतून रेडिओचे संपलेले सेल गोळा केले, फोडले आणि आतली काळी पूड खळीत कालवून मला फासली. म्हणजे बातम्या ऐकवून ऐकवून मेलेल्या सेलांचा काळोख माझ्या अंगावर आहे. नाक्यावरच्या वाचनालयाच्या भिंतीवर, बावखलाच्या समोर, मला ठोकलं. बावखल म्हणजे आमचं जुनं गोड्या पाण्याचं तळं. आज त्याच्या निम्म्या भागावर भराव आहे आणि भरावावर कुणाचा तरी बंगला आहे. बंगल्याचं नाव 'जलतरंग'. असो.

माझा दिवस पहाटे सुरू व्हायचा. सदानंद आणि त्याची बायको सरोजिनी वाडीतला मोगरा खुडून टोपल्या नाक्यावर आणायची. तिथे सरोजिनीची मैत्रीण जीना आपला फुलांचा टेम्पो घेऊन उभी असायची. टोपल्या टेम्पोत चढल्या की सरोजिनी वरचं ओलं फडकं काढायची आणि त्याच फडक्याने मला पुसायची. कालचं सगळं जायचं. युद्ध जायचं, निवडणूक जायची, भाववाढ जायची आणि अंगाला मोगऱ्याचा वास राहायचा. पुसलं जाणं म्हणजे अपमान, असं तुम्हाला वाटत असेल. फळ्याला तसं वाटत नाही. ज्याला रोज कुणीतरी पुसतं, त्याला उद्या असतो.

मग सदानंद पांढऱ्या खडूने बातमी लिहायचा आणि मोठ्याने वाचायचा. मागे फडकं पिळत सरोजिनी काहीतरी बोलायची. ती जे बोलायची ते तो पिवळ्या खडूने खाली लिहायचा. गावाला वेड लावलं ते त्या पिवळ्या ओळीने.

विज्ञानाने मेंढीपासून हुबेहूब दुसरी मेंढी केली, अशी बातमी आली. खाली पिवळी ओळ: 'त्यात काय! आमच्याकडे दर निवडणुकीला होतं.'

प्लुटोला ग्रहांतून काढलं. पिवळी ओळ: 'बिचाऱ्याला नोटीस तरी दिली होती का?'

चंद्रावर पाण्याचा अंश सापडला. पिवळी ओळ: 'वसईचे टँकरवाले निघाले असतील.'

लोक हसून हसून सायकलवरून पडायचे. बावखलावर कपडे धुणाऱ्या बाया ओरडून विचारायच्या, "आज काय लिवलंय सदाभाऊनं?" सदाभाऊनं! सगळं श्रेय सदाभाऊचं. सत्कारात शाल सदाभाऊच्या खांद्यावर, नारळ सदाभाऊच्या हातात. सरोजिनी समोर खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायची. सदानंद घरी जाताना म्हणायचा, "अगं, सांगून टाकू का खरं?" ती म्हणायची, "नको रे बाबा. बाईचं बोलनं म्हटलं का भांडन होतं. तुज्या नावावर आहे तोवर विनोद आहे." बाई चुकीचं बोलत नव्हती. मी हे सगळं ऐकलंय, माझ्यासमोरच बोलायची दोघं.

माझं एक काम मात्र विनोदाचं नव्हतं. गावात कुणी गेलं की माझ्यावर चौकट आखून त्याचं नाव लिहायचे आणि खाली एकच शब्द: 'चला.' वेळ नाही, ठिकाण नाही, दुःखद नाही, भावपूर्ण नाही. नुसतं 'चला.' तो वाचला की घरटी एक माणूस निघायचा. ख्रिस्ती घर असो की हिंदू, खडूची पूड खाली बसायच्या आत चपला वाजू लागायच्या. मला त्या शब्दाचा फार अभिमान होता. चंद्रावरच्या पाण्याने गाव हसायचं, पण 'चला' म्हटल्यावर गाव उठायचं.

कोरोनाच्या आदल्या वर्षी सरोजिनी गेली. सदानंदने स्वतःच्या हाताने चौकट आखली, तिचं नाव लिहिलं, 'चला' लिहिलं. अख्खं गाव आलं. तेवढ्या पायांचा आवाज मी त्यानंतर पुन्हा ऐकला नाही.

कारण मग तो रोग आला. माणसं भराभर गेली आणि 'चला' लिहायची बंदी झाली. सदानंद नाव लिहायचा आणि खडू हवेतच थांबायचा. न जाण्याची सवय गावाला तिथे लागली. रोग गेला, सवय राहिली. रोगाची लस निघाली, सवयीची निघाली नाही.

पिवळी ओळही बंद झाली होती. चांद्रयान दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, त्या दिवशी सदानंदने मोठ्या अक्षरांत बातमी लिहिली. लोक जमले, वाचलं, आणि सगळ्यांची नजर खाली गेली. खाली काळं होतं. "सदाभाऊ म्हातारा झाला, धार गेली," असं म्हणत ते पांगले. सदानंद पिवळा खडू मुठीत घेऊन उभाच. मागून कुणी काही बोलेल, म्हणून वाट बघत होता. कुणी बोललं नाही. त्याने खडू खिशात टाकला.

पुढे लोक थांबेनात. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा फळा आला आणि त्याला खडूही लागत नव्हता. मी तक्रार करत नाही. जग पुढे जातं, जावं. पण त्या फळ्यांची गंमत अशी की प्रत्येक जण आपापला वाचतो, आणि शेजारी उभा असलेला काय वाचून हसला ते कुणाला कळत नाही.

शेवटी वाचनालयाच्या कमिटीने मला काढायचं ठरवलं. कमिटीचा चिटणीस तेजस, कंप्युटर कंपनीत नोकरीला, वाईट मुलगा नाही. त्याने माझ्या जागी चकचकीत पडदा आणला. नाव 'स्मार्ट वार्ताफलक.' आत म्हणे कृत्रिम बुद्धिमत्ता. ती स्वतःच बातम्या शोधते, स्वतःच लिहिते, गावकऱ्यांनी पाठवलेले निरोप स्वतःच नीटनेटके करून लावते आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही टाकते. उद्घाटनाला पुढारी आला, फीत कापली, मोठा वडा खाऊन गेला. पडद्यावर पहिल्याच दिवशी विरारच्या चंदनसारमधल्या टॉवरची जाहिरात झळकली, निळ्याशार स्विमिंग पूलसकट. सरोजिनी असती तर म्हणाली असती, 'टँकर कुठल्या गेटनं येतो तेही दाखवा.'

मला कचऱ्याच्या गाडीत घालणार होते. जीनाने टेम्पो आडवा घातला. "माज्या सरूचा फला हाय तो. हात लावाल तर बोटं मोडीन," असं म्हणून तिने मला उचललं आणि सदानंदच्या पडवीत आणून ठेवलं. सदानंदने माझं तोंड भिंतीकडे केलं. त्याला माझ्याकडे बघवत नसावं. मला भिंत दिसायची आणि एक पाल दिसायची. ऐकू मात्र सगळं यायचं. तो सकाळी चहा घेऊन बसायचा आणि पेपर मोठ्याने वाचायचा. एक बातमी वाचायचा आणि थांबायचा. पिवळ्या ओळीइतका थांबायचा. मग पान उलटायचा. एकटेपणाचा आवाज कसा असतो म्हणून मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, बातमी संपल्यावर पान उलटेपर्यंत जी शांतता असते, तो.

आता गोष्ट खरी सुरू होते. नीट ऐका.

सरोजिनीच्या स्मृतिदिनी सदानंद दरवर्षी माझ्यावर तिचं नाव लिहायचा. वर्षातून एक दिवस, चौकटीत, फक्त तिचं नाव. यंदा मी भिंतीकडे तोंड करून होतो. त्याने तेजसला गाठलं. तेजस म्हणाला, "काका, सिंपल आहे. या नंबरवर नाव आणि फोटो टाका, बाकी ऑटोमॅटिक होतं." म्हाताऱ्याने एका बोटाने टाइप केलं: 'सरोजिनी सदानंद चुरी. स्मृतिदिन.' फोटो जोडला. माझ्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला फडकं हातात घेतलेली ती, मधे मी. दोघांचा तेवढा एकच फोटो होता.

यंत्राने ते नीटनेटकं केलं. बायकोच्या नावात नवऱ्याचं नाव सापडलं, ते त्याने उचललं. फोटोतून बाई कापली, पुरुष ठेवला, त्याला हार घातला आणि सकाळी नाक्यावर झळकवलं: 'ज्येष्ठ वार्ताफलक लेखक श्री. सदानंद चुरी यांचे दुःखद निधन. भावपूर्ण श्रद्धांजली. अंत्यविधीची माहिती लवकरच.'

यंत्राला शिव्या देऊ नका, मित्रांनो. बाई कापून पुरुष ठेवायचं ते कुणाकडून शिकलं? आमच्या नाक्यावर ते काम यंत्र यायच्या आधीपासून चालू होतं.

घरात सदानंदला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने अंघोळ केली, सरोजिनीच्या फोटोपुढे फूल ठेवलं. आपलं काम झालं, नाक्यावर तिचं नाव लागलं असेल, आज कुणीतरी येईल, 'सदाभाऊ, आज वहिनींचा दिवस ना' म्हणेल, एवढीच त्याची आशा. त्याने मुद्दाम जास्तीचे कप धुऊन ठेवले. त्यांचा आवाज मी ऐकला. ऊन पडवीत आलं, पडवीतून गेलं. कुणी आलं नाही.

मग दारात पाय वाजले. सदानंद गाळणी हातात घेऊनच धावला. दार उघडलं आणि समोर जीना. डोक्यावर फुलांची टोपली, त्यावर ओलं फडकं, डोळे रडून लाल, हे मी मागाहून त्यांच्याच तोंडून ऐकलं. तिने एक किंकाळी मारली आणि टोपली खाली पडली.

"जेजू देवा! सदाभाऊ, तू मेलास ना?"

"कोन बोल्लं?"

"नाक्यावर लिवलंय की! हारवाला फोटू पन हाय."

"मग हार कुठं हाय? आन इकडं."

"मस्करी करू नको मेल्या! मी बाजार सोडून आली. तुज्या अंगावर टाकाला फुलं आनली."

"बरं, आत ये. चा घे."

"मेलेल्या मानसाच्या हातचा चा?"

"घे ग. पहिल्यांदाच मेलोय, जमंल तसा केलाय."

दोघं हसली. मग जीनाने फोन त्याच्यापुढे धरला आणि हसणं थांबलं. ग्रुपवर श्रद्धांजल्यांचा पूर आला होता. जोडलेले हात, पणत्या, रडकी तोंडं, वर केलेले अंगठे. सदानंद एकेक वाचू लागला, पेपर वाचायचा तसा, मोठ्याने.

"फ्लॉईड लिहितो, 'गावचा दिवा विझला.' हा माझा पंप दुरुस्त करून देणार होता. दिवाळीपासून उद्या येतो म्हणतोय." त्याने बोट खाली सरकवलं. "ही दीपिका. 'काका, तुमची रोज आठवण येईल.' जीना, हिची आन माजी भिंत एक हाय. मी खोकलो तर हिला ऐकू जातं."

"मग आज खोकला नाय का?"

"सकालपासून खोकतोय ग."

जीनाने फोन उलटा ठेवला.  गावात माणूस गेला आणि गाव घरीच बसलं होतं, पुढची सूचना यायची वाट बघत. पडद्याने माहिती लवकरच देतो म्हटलं होतं ना! जीना सोडून एकानेही दोन पावलं चालून दार ढकललं नाही. ढकललं असतं तर म्हातारा गाळणी हातात घेऊन उभा दिसला असता.

सदानंद उठला. त्याने मला धरून फिरवलं. कितीतरी दिवसांनी मी त्याचं तोंड पाहिलं. गाल आत गेले होते. जीनाने टोपलीवरचं ओलं फडकं उचललं आणि न सांगता मला पुसलं. धूळ गेली, कोळिष्टकं गेली, अंगाला मोगऱ्याचा वास लागला. तुम्हाला काय सांगू, फळ्याला रडता येत नाही हे बरं आहे, नाहीतर खडू उठला नसता.

त्याने पांढऱ्या खडूने लिहिलं: 'आज सरोजिनीचा दिवस. या फळ्यावरच्या पिवळ्या ओळी तिच्या होत्या. सदानंद जिवंत आहे.'

मग त्याने पिवळा खडू काढला आणि सवयीने थांबला. मागे वळून म्हणाला, "जीना, ती काय बोल्ली असती ग?"

जीनाने फडकं पिळलं. "काय बोलनार! आंगठं तेवढं धाडलं गावानं, पाय कुठं गेलं, असं बोल्ली असती."

सदानंदच्या तोंडावर हसू आलं, आणि पिवळी ओळ माझ्या अंगावर उतरली: 'श्रद्धांजलीला अंगठे आले. पाय कुठे गेले?'

जीनाच्या टेम्पोतून आम्ही नाक्यावर गेलो. पडद्याच्या खाली, भिंतीला टेकवून मला उभं केलं. वर हार घातलेला सदानंद, खाली चालता-बोलता सदानंद. तेजस धावत आला, घामाघूम.

"सॉरी काका, रिअली सॉरी. नावात दोन नावं होती ना, सिस्टिम कन्फ्यूज झाली. आता काढतो."

"तेजस, माझं घर तुला ठाऊक आहे ना?"

"हो काका."

"चालत किती लांब?"

"हे काय, इथेच आहे."

"मग?"

 तेजसने मान खाली घातली, आणि खाली मी होतो. त्याने वाचलं. त्याचे डोळे पाण्याने भरले, शप्पथ सांगतो. आता हा म्हाताऱ्याचा हात धरेल असं मला वाटलं. त्याने फोन काढला आणि माझा फोटो घेतला.

"काका, ही ओळ एक नंबर आहे! टाकू का?"

टाकली. फक्त पिवळी ओळ. वरची पांढरी अक्षरं फोटोत मावत नव्हती म्हणे. घटकाभरात मी विरारपासून पालघरपर्यंत प्रत्येक खिशात होतो. पुन्हा जोडलेले हात, पुन्हा रडकी तोंडं. 'डोळ्यांत पाणी आलं.' 'कटू सत्य.' सदानंद माझ्याशेजारी दगडावर बसून होता. लोक येत, माझा फोटो घेत, आणि "काका, जरा बाजूला होता का?" म्हणत. तो बाजूला होत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो ओलं फडकं घेऊन आला. नवी बातमी लिहायची होती. चेहऱ्यावर जुनं तेज होतं. तेव्हा कमिटीची माणसं आडवी आली. "काका, पुसू नका! व्हायरल झालंय. हा आता गावचा ठेवा आहे."

आणि मित्रांनो, त्यांनी मला काचेत बंद केलं. पुन्हा भिंतीवर ठोकलं, वर दिवा लावला, बाजूला पुढाऱ्याचा फोटो लावला, माझ्याहून मोठा. खाली पितळी पाटी: 'ज्येष्ठ विचारवंत सदानंद चुरी यांची अजरामर ओळ.' त्या पाटीच्या वीतभर वर त्याच्याच अक्षरांत लिहिलंय की पिवळ्या ओळी सरोजिनीच्या होत्या. कुणी वाचत नाही. काच बंद होण्याआधी जीना पाटी बघून एवढंच म्हणाली, "बग सदाभाऊ, माजं बोलनं पन तुज्याच नावावर गेलं."

शनिवार-रविवारी राजोडीच्या समुद्रावर येणारे पाहुणे माझ्यापाशी थांबतात. माझ्याकडे पाठ करतात, अंगठा वर करतात, फोटो काढतात. अंगठा! त्या ओळीखाली! मी पाहिजे तेवढा प्रसिद्ध आहे. भिंतीकडे तोंड करून पडवीत होतो तेव्हाही इतका एकटा नव्हतो. तिथे निदान म्हाताऱ्याचा खोकला तरी ऐकू यायचा. काचेतून काहीच ऐकू येत नाही.

सदानंद अजून रोज पहाटे येतो. ओल्या फडक्याने काच पुसतो. वरून खाली, सरोजिनी पुसायची तसं. काच लख्ख होते. अक्षरं जात नाहीत. मग तो खिशातला खडू चाचपतो, थोडा वेळ उभा राहतो आणि परत जातो. परवा दोन दिवस तो आला नाही. मी काचेतून ओरडत होतो, पण आमचं ओरडणं तुम्हाला ऐकू येत नाही. तिसऱ्या दिवशी आला, काठी टेकत. वर पडद्यावर कुठल्याशा यंत्रमानवाची बातमी चालू होती, तो म्हणे एकट्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारणार आहे. सदानंदने ती वाचली, मोठ्याने, ओठांवरून मला कळलं. वाचून थांबला. मागे कुणी नव्हतं.

जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आमची काळजी घ्या, आम्हाला जपा. मी हात जोडत नाही. मला जपू नका. जपून जपूनच तुम्ही माझं वाटोळं केलंत. एकाने दगड आणा आणि ही काच फोडा. एकाने फडकं भिजवा आणि ही अजरामर ओळ पुसा. मग तो म्हातारा बातमी वाचेल तेव्हा त्याच्या मागे उभे राहा आणि काहीतरी बोला, शहाणं नसलं तरी चालेल. आणि त्याने यायचं थांबवलंच, तर पडद्यावर सूचना येईपर्यंत थांबू नका. त्याचं घर तुम्हाला ठाऊक आहे.

चला.